साधा भूतकाळ: तक्ता आधी की मराठीशी तुलना आधी?

शिरीषफूल:
मी मराठी माध्यमात सहावी-सातवीला इंग्रजी शिकवते. 'गो, वेंट, गॉन' घडाघडा म्हणणारी मुलं वाक्यात मात्र 'आय डिडन्ट वेंट' आणि 'येस्टरडे आय हॅड गॉन टू मार्केट' लिहितात. तक्ता पाठ आहे, तरी वाक्य चुकतं, कारण चुकीचं मूळ मराठीत आहे. 'मी गेलो नाही' म्हणताना आपलं क्रियापद भूतकाळातच राहतं. इंग्रजीत भूतकाळ 'डिड' दाखवतो आणि 'गो' मूळ रूपात येतं. 'काल बाजारात गेलो होतो' हेही आपलं रोजचं वाक्य. जाऊन आलो, एवढंच सांगायचं असतं. मूल त्या 'होतो'साठी 'हॅड' शोधतं. इंग्रजीत तिथे नुसतं 'वेंट' पुरतं. 'हॅड गॉन' लागतं ते एका जुन्या घटनेच्याही आधीचं सांगताना. म्हणून हा फरक मराठी वाक्यं शेजारी लिहून दाखवल्याशिवाय तक्ता देऊच नये, असं माझं ठाम मत आहे.

वाघूरकाठ:
असहमत. इंग्रजीत सतत लागणारी क्रियापदं बघा: बी, हॅव, डू, से, मेक, गो, टेक, कम, सी, गेट. एकालाही 'ईडी' लावून भागत नाही. 'कट' आणि 'पुट' तर बदलतच नाहीत. इथे समजावण्यासारखं काय आहे? इंग्रजी घरातली मुलंही लहानपणी 'गोएड' म्हणतात, मग ऐकून ऐकून सुधारतात. आपल्या मुलांच्या कानावर इंग्रजी पडतं ते शाळेच्या एका तासात. बाकीची भरपाई पाठांतरानेच होणार. पाढे आल्याशिवाय गुणाकार येत नाही, तसंच हे.

पाऊलवाट:
मला दोन्ही पटत नाही. मराठी मध्ये आणली की मूल प्रत्येक वाक्य आधी मराठीत जुळवतं. आपल्याकडे 'मी आंबा खाल्ला, पोळी खाल्ली', 'मी गेलो, मी गेले' अशी रूपं बदलतात. इंग्रजीत 'एट' आणि 'वेंट' सगळ्यांना सारखंच! मग सोप्यात गुंता कशाला? रोज पाच मिनिटं जोड्या लावून 'व्हॉट डिड यू डू येस्टरडे?' विचारायला लावा. उच्चारही तिथेच सुधारतील. 'वॉक्ट', 'प्लेड', 'वॉन्टेड' या तिन्हींत 'ईडी' वेगळा ऐकू येतो, हे आपण शिकवतच नाही. मुलं सरसकट 'वॉकेड' म्हणतात.

शिरीषफूल:
उच्चाराचं शंभर टक्के मान्य. पण प्रश्नात 'डिड' ऐकून मुलं उत्तरातही तोच घेतात: 'आय डिड वेंट'. तिथे थांबून कारण सांगावंच लागतं, आणि सहावीच्या मुलाला ते मराठीतच कळतं. 'वेंट' सगळ्यांना सारखंच, हेसुद्धा मराठीशी तुलना केली की त्याला दिलासा देतं.
वाघूरकाठ, पाठांतराला माझा विरोध नाही. पण आधी दोनच रकाने द्या: 'गो, वेंट'. तिसरा एका दमात म्हणून घेतला की वाक्य करताना 'गॉन'च तोंडात येतं.

वाघूरकाठ:
तिसरा रकाना तोडणं मला धोक्याचं वाटतं. पुढे 'हॅज गॉन' आलं की तीच मुलं 'हॅज वेंट' लिहितील, आणि बसलेली सवय मोडायला नवं शिकण्यापेक्षा जास्त वेळ जातो. तुमची तुलना तक्ता पाठ झाल्यावर करा, माझी हरकत नाही. आधी नको.