टेसरॅक्ट: मराठीचा डेटा वेगळा घ्यावा लागतो

टेसरॅक्ट म्हणजे स्कॅन केलेल्या पानावरचा मजकूर ओळखून देणारा (ओसीआर) प्रोग्रॅम. उबुंटूवर (लिनक्सचा एक प्रकार) टेसरॅक्ट एका आज्ञेत बसतं आणि खटपट फक्त विंडोजवर, असं काहीजण म्हणतात; ते मला अर्धंच पटतं. प्रोग्रॅम बसतो, पण मराठी कुठेच आपोआप येत नाही. उबुंटू-डेबियनवर 'टेसरॅक्ट-ओसीआर-मार' (tesseract-ocr-mar) हे पॅकेज वेगळं घ्यावं लागतं. मॅकवर होमब्रू या प्रोग्रॅम बसवायच्या साधनातल्या मूळ पॅकेजात मराठी नसते. 'टेसरॅक्ट-लँग' (tesseract-lang) घेतलं की सगळ्या भाषा एकदम येतात, जागा मात्र बरीच खातात. विंडोजवर मानहाइम विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा इन्स्टॉलर वापरत असाल तर भाषांच्या यादीत मराठीवर टिक करा, नंतर टेसरॅक्टचा फोल्डर 'पाथ'मध्ये (कमांड कुठे शोधायच्या त्या फोल्डरांच्या यादीत) स्वतः घाला आणि कमांडची खिडकी नव्याने उघडा. जुन्या खिडकीला नवा पाथ कळत नाही.

भाषा सांगितली नाही तर टेसरॅक्ट इंग्रजीच गृहीत धरतं आणि देवनागरी पानातून रोमन अक्षरांचा कचरा बाहेर पडतो. तो पाहून 'याला मराठी जमत नाही' म्हणत लोक सोडून देतात, याचं फार वाईट वाटतं, कारण स्वच्छ छापील पानावर ते खरंच चांगलं चालतं. म्हणून आधी 'लिस्ट-लँग्ज' (--list-langs) पर्यायाने यादीत 'मार' (mar, म्हणजे मराठी) दिसतंय का बघा. पानावर इंग्रजी शब्दही असतील तर भाषा 'मार+इंग' (mar+eng) अशी द्या.