दुपारी एक वाजला की मशीन पेंगतं. दोष लिनक्सचा का डब्याचा?

पत्रिकावाला_मानवत (सोमवार, दुपारी ३.४०)

राम राम मंडळी. मानवतला माझं लग्नपत्रिका अन् बॅनरच्या टायपिंगचं दुकान आहे. सध्या लग्नसराई, गिऱ्हाईक डोक्यावर उभं, अन् मशीन म्हणतंय मला झोप यायली.

मशीन २०१४ चं. आय३ ४१३०, ८ जीबी रॅम, ५०० जीबीची साधी हार्डडिस्क. गेल्या ऑक्टोबरात विंडोज १० चे अपडेट बंद झाले, ११ ला हा प्रोसेसर चालत नाही म्हणाले. म्हणून भाच्यानं दिवाळीत येऊन लिनक्स मिंट २२.२ टाकून दिलं, एक्सएफसीई ह्या हलक्या डेस्कटॉपवालं. काम सगळं इंकस्केप, गिंप अन् लिब्रेऑफिसवर. खोटं कशाला बोलू, हिवाळाभर असं पळालं की मीच चार दुकानदारांना लिनक्स टाका म्हणून सांगत फिरलो. आता तेच चार जण हसायलेत.

सकाळी साडेनऊला उघडलं की चकाचक. एक-दीड वाजला की पेंगायला लागतं. इंकस्केपमध्ये गणपती उचलून दोन इंच बाजूला ठेवायचा तर माऊस पुढं अन् गणपती मागं. 'चि. सौ. कां.' टाईप करावं तर मनात अख्खं मंगलाष्टक म्हणून होतं तवर अक्षर उमटतं. रीस्टार्ट केलं तर पाच मिनिटांत परत तेच. पण मशीन बंद करून जेवायला घरी गेलो, साडेचारला आलो की तासभर बरं चालतं.

थोरला म्हणतो ते फुकटचं काढा. घरात नवी सून आली अन् दूध उतू गेलं की नाव कोणाचं निघतं, तसं लिनक्सचं झालंय. पण माझीही खात्री हलायली. ठेवू का काढू?

विषयसंपला_लातूर (सोमवार, ३.५२)

हार्डडिस्क काढून वेगवान एसएसडी टाका. विषय संपला.

सेलूचा_पोरगा (सोमवार, ४.१५)

काका, फायरफॉक्समध्ये किती टॅब उघडे असतात? माझ्या दुकानात गिऱ्हाईकाचं व्हॉट्सॲप वेब, जीमेल, यूट्यूबवर गाणी, सगळं एकदम चालू असायचं. रॅम भरली की स्वॉप लागतं (रॅममध्ये न मावलेलं डिस्कवर ठेवतात ते), अन् स्वॉप हार्डडिस्कवर असलं की मशीन मेलंच समजा. स्वॉपिनेस (स्वॉप किती लवकर वापरायचं त्याचा आकडा) ६० असतं, ते १० करून बघा. जमलं तर झेडरॅम (रॅममध्येच दाबून ठेवलेलं स्वॉप) पण टाका.

पत्रिकावाला_मानवत (सोमवार, ५.३०)

सेलूकर, टॅब दोनच. भाच्याला फोन लावून 'फ्री' कमांड चालवली. वापरात ३.१ जीबी, स्वॉप शून्य. म्हणजे रॅमचं काही दिसत नाही.

लातूरकर, एसएसडीचं कळलं हो. पण डिस्क सकाळी पळते अन् दुपारी बसते हे कसं? तिलाबी वामकुक्षी लागते का?

लॅबवाली_नांदेड (सोमवार, रात्री ९.०५)

काका, हा प्रश्न तुम्हीच बरोबर विचारलात. डिस्कला घड्याळ कळत नाही. डिस्क संथ असती तर सकाळी मशीन सुरू होताना सगळ्यात जास्त छळलं असतं, कारण तेव्हाच तिला सगळ्यात जास्त वाचायचं असतं. तुमचं उलट आहे. सकाळी बरं, दुपारी वाईट, बंद ठेवलं की पुन्हा बरं, रीस्टार्टनं फरक नाही. सॉफ्टवेअरचा दोष असता तर रीस्टार्टनं थोडा तरी हलला असता. मला हे उष्णतेचं वाटतंय. मी इथं एका कॉलेजात लॅबची साठेक मशीनं सांभाळते, सगळी लिनक्सवर. एप्रिल लागला की अशी तीन-चार तरी निघतात.

पण अंदाजावर स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नका. उद्या दुपारी मशीन पेंगलं की लगेच, बंद न करता, एवढं बघा. (कमांड इथं देवनागरीत लिहितेय, टर्मिनलमध्ये इंग्रजी स्पेलिंगच टाका. नाहीतर मागच्या वेळी एकांनी खरंच मराठीत 'टॉप' टाईप करून चालत नाही म्हणून मलाच झापलं होतं.)

आधी 'टॉप'. वर टक्क्यांची ओळ असते. त्यात 'यूएस' म्हणजे प्रोग्रामनं खाल्लेला प्रोसेसर आणि 'डब्ल्यूए' म्हणजे डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ. डब्ल्यूए २०-३० च्या वर असेल तर लातूरकर बरोबर, मी चूक. डब्ल्यूए एक-दोनवर आणि यूएस नव्वदच्या पुढं असेल तर प्रोसेसर राबतोय, पण काम उरकत नाही.

मग 'एलएम-सेन्सर्स' हे पॅकेज टाकून 'सेन्सर्स'. कोअरचं तापमान दिसेल. तुमच्या प्रोसेसरची धोक्याची रेघ १०० अंशावर आहे.

शेवटी 'प्रॉक' फोल्डरमधली 'सीपीयूइन्फो' फाईल 'कॅट' करून मेगाहर्ट्झच्या ओळी बघा. आय३ ४१३० कामाच्या वेळी ३४०० दाखवायला पाहिजे. रिकामा बसलेला असताना ८००, तेही चालतं. काम करताना ८०० असेल तर मात्र गडबड. प्रोसेसर जळू नये म्हणून तो स्वतःच वेग कापतो, याला थ्रॉटलिंग म्हणतात. तेवढ्यानंही भागलं नाही तर मशीन आपोआप बंद पडतं. 'सुडो डीमेसेज' चालवलं की सिस्टिमच्या नोंदी दिसतात, त्यातही 'क्लॉक थ्रॉटल्ड' अशा ओळी सापडतील.

आणि सांगा, डबा ठेवलाय कुठं?

पत्रिकावाला_मानवत (मंगळवार, दुपारी २.२०)

ताई, आकडे घ्या. बाहेर ४२ असंल, दुकान पत्र्याचं. वहीत लिहून घेतलं:

यूएस ९६. डब्ल्यूए ०.८. तापमान एका कोअरचं ९८, दुसऱ्याचं ९९. मेगाहर्ट्झ आधी १२००, परत बघितलं तर ८००, परत ८००. वर जातच नाही. अन् डीमेसेजमध्ये तुम्ही म्हणालात तीच ओळ, पान भरून, शेवटी कंसात ४१ हजार काहीतरी.

जगात जर्मनी अन् भारतात परभणी म्हणतात, आमचं मशीन जर्मनीचं नाही एवढं नक्की.

डबा टेबलाखालच्या खणात आहे. पाठीमागं भिंत, पुढं फळी. सुताराला मीच सांगितलं होतं, वायरी दिसू नयेत म्हणून. दुकानाच्या पाठीमागं एक जिनिंग आहे, कापसातून सरकी काढायचा कारखाना. दिवाळीपासून मार्चपर्यंत कापसाच्या गाड्यांची रांग असते. तेव्हा रस्त्याच्या कडेच्या बाभळींना काट्या-काट्याला कापूस लटकलेला असतो. दुकानात रोज झाडतो, पण डब्यात कोण झाडणार.

लॅबवाली_नांदेड (मंगळवार, २.४१)

झालं. लिनक्स सुटलं. दिवाळीत लिनक्स आलं अन् दिवाळीतच जिनिंग सुरू झालं, म्हणून आळ भलत्यावर आला. हिवाळ्यात तंतू आत साचत होते, पण बाहेरची हवा गार, म्हणून निभावलं. एप्रिलनं हिशेब काढला.

आज फळी काढा, डबा खणातून बाहेर स्टुलावर घ्या, टेबल फॅनचं तोंड त्याच्याकडं करा. गिऱ्हाईकाला थोडं गरम होऊ द्या. उघडणं रात्री. ते जालनेकर सांगतील, त्यांचा हात बसलेला आहे.

जालना_दुरुस्ती (मंगळवार, सायंकाळी ७.१०)

आलो. काका, घाई करू नका, तासभर लागेल.

वायर काढा, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, उरलेला करंट निघून जातो. उघडल्यावर हाताला डब्याचा लोखंडी भाग लागू द्या, मगच आत हात घाला. ब्लोअर मारणार असाल तर पंख्याच्या पातीला बोट लावून धरा. तो वाऱ्यानं भिंगरीसारखा फिरला की बेअरिंगची वाट लागते. ब्लोअर नसेल तर रंगाचा नवा एक इंची ब्रश घ्या. व्हॅक्यूम क्लीनर नको, त्यात स्टॅटिक तयार होतं.

पंख्याखाली, प्रोसेसरवर बसवलेला धातूच्या पात्यांचा ठोकळा म्हणजे हीटसिंक. त्याच्या चार कोपऱ्यांना चार काळ्या पिना आहेत. डोक्यावर बाण असतो. बाणाच्या दिशेनं पाव वळसा दिला की पिन सुटते, मग वर ओढायची. बसवताना आधी बाणाच्या उलट फिरवून सरळ करा, मग तिरप्या समोरासमोरच्या दोन, नंतर उरलेल्या दोन दाबा. प्रत्येकीचा 'टक' आवाज आला पाहिजे. आवाज आला नाही तर ती बसली नाही, मग वरून कितीही बसल्यासारखी दिसू द्या. शंकाच असेल तर मदरबोर्डच्या मागून बघा, काळं टोक पूर्ण बाहेर आलेलं दिसतं.

प्रोसेसर अन् हीटसिंकच्या मधे उष्णता पोचवणारी पेस्ट असते. जुनी पुसायला मोबाईल दुरुस्तीवाल्याकडून थोडं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) मागून आणा, सगळ्यांकडं असतं. नवी पेस्ट तुरीच्या एका डाळीएवढी, बरोब्बर मधे. पोळीला तूप लावल्यासारखी फासत बसू नका.

पत्रिकावाला_मानवत (बुधवार, सकाळी ११.०५)

रात्री साडेअकरापर्यंत बसलो होतो. फोटो काढला, पण इथं चढत नाही, म्हणून सांगतोच.

पंखा वर केला तर खालच्या पात्या दिसेनातच. करड्या रंगाची गादी. चिमटीत धरून ओढली तर अख्खी गोल चकती निघाली, उशीतून काढल्यासारखी. आमची आई बाजूला बसली होती. म्हणाली, एवढ्या कापसात महिन्याच्या फुलवाती झाल्या असत्या. पंखा बिचारा फिरत होता जोरात, पण वारा गादीच्या वरच. खाली पोचत नव्हता.

अन् जालनेकर, तुमच्या 'टक'वर मी हसलो होतो, पण ऐका. चारपैकी एक पिन नुसती टेकवलेली होती. लॉकच नव्हती. दोन वर्षांमागं रॅम वाढवायला एका दुकानात डबा दिला होता, तेव्हाचंच काम असणार. रॅम टाकायला त्याला हीटसिंकला हात कशाला लावावा लागला, देव जाणे. खाली पेस्टचा वाळून चुना झालेला. त्या कोपऱ्यात तर प्रोसेसर अन् हीटसिंकमध्ये नीट चिकटलेलंही नव्हतं.

तिसरी पिन बसवताना घाम फुटला. मदरबोर्ड वाकतो की मोडतो असं वाटलं. पण टक झालं.

आत्ता इंकस्केप, फायरफॉक्स, गिंप सगळं चालू. तापमान ५४. दुपारचं सांगतो.

पत्रिकावाला_मानवत (बुधवार, दुपारी २.३०)

६२. मेगाहर्ट्झ ३४००. गणपती उचलला तर माऊसच्या बरोबरीनं आला. थोरल्याला बोलवून दाखवलं. काही बोलला नाही, फळी उचलून माळ्यावर टाकली.

सेलूचा_पोरगा (बुधवार, २.४५)

काका भारी! माझंही दुकान मोंढ्याजवळच आहे. आज रात्री उघडतो.

विषयसंपला_लातूर (बुधवार, ३.०२)

छान. पण मशीन सुरू व्हायला किती वेळ लागतो ते सांगा जरा.

पत्रिकावाला_मानवत (बुधवार, ३.२०)

लागतो की. बटण दाबून चहा सांगितला तर चहा आधी येतो. भाच्यानं 'सिस्टिमडी-ॲनालाईझ' चालवायला लावलं, १ मिनिट ५२ सेकंद. पण ते चालतंय हो, दिवसातून एकदाच तर आहे. मेच्या मध्यात अधिक ज्येष्ठ लागतोय, लग्नं थांबतात, तेव्हा बघू एसएसडीचं.

लॅबवाली_नांदेड (बुधवार, रात्री ८.५०)

काका, सुरू व्हायचा वेळ राहू द्या, माझी काळजी वेगळी आहे. डिस्क २०१४ ची आहे ना? आणि हे सगळे महिने ती त्याच बंद खणात शिजलीय. 'स्मार्टमॉनटूल्स' टाका आणि 'सुडो स्मार्टसीटीएल' वापरून डिस्कचा अहवाल काढा. त्यात दोनच ओळी बघा, 'रीअलोकेटेड सेक्टर' आणि 'करंट पेंडिंग सेक्टर'. शेवटचा आकडा शून्य असला पाहिजे. रीअलोकेटेड म्हणजे खराब झाले म्हणून डिस्कनं बदलून टाकलेले तुकडे, आणि पेंडिंग म्हणजे डिस्कला जे तुकडे नीट वाचता येईनात असे. तिथं शून्य नसेल तर अधिक महिन्याची वाट बघू नका.

पत्रिकावाला_मानवत (गुरुवार, सकाळी १०.१५)

ताई, रीअलोकेटेड २४. पेंडिंग ८.

बारा वर्षांच्या पत्रिका आहेत ह्याच्यात. लोक येऊन म्हणतात, थोरलीच्या लग्नात काढली होती तशीच धाकटीची काढा, अन् मी फाईल उघडून नावं बदलून देतो. तीच माझी कमाई आहे. पोरगा पेन ड्राइव्ह आणायला गेलाय, सगळं आधी त्यावर उतरवतो. दोन प्रती, एक घरी ठेवतो.

लातूरकर, चुकलं माझं. केवढी घेऊ, २५६ का ५१२?

विषयसंपला_लातूर (गुरुवार, १०.१७)

५१२. विषय संपला.