ट्राउटसाठी फ्लाय रॉड घेतलाय, साताऱ्यात कुठं टाकू?

कराडचा_गडी: मंडळी, पाच वेटचा (मधल्या वजनाच्या दोरीचा) फ्लाय रॉड घेतलाय, म्हणजे फ्लाय ही हलकी खोटी माशी टाकून मासे धरायची काठी. पाटणच्या वरच्या अंगाला पाव्हण्यांचं शेततळं आहे, पार आडबाजूला, कुणी फिरकत नाही, तिथं ट्राउट सोडले तर जगतील का?

वाईचा_गळ: नाही जगायचे राव. ट्राउटला थंडगार वाहतं पाणी लागतं, 20 अंशांच्या वर गेलं की धापा टाकायला लागतात आणि आपलं शेततळं एप्रिलात म्हणजे कोमट चहा. ट्राउटच पायजे तर हिमाचलात तीर्थन नदीवर जा, मत्स्य विभागाचा परवाना काढून.

मिरजकर७: चिलापी (तिलापिया मासा) धर की, फ्लायवर झकास येते. फक्त मागं मोकळी जागा बघ, कारण फ्लायला वजन नसतं, वजन सगळं दोरीत, ती मागं पूर्ण सरळ झाल्याशिवाय पुढं जात नाही. माझी पहिलीच फेक मागच्या उसात अडकली, पाचटात काळी फ्लाय हुडकता हुडकता अंधार पडला आणि मामा बांधावर बसून तंबाखू मळत हसतोय.

वाईचा_गळ: आणि नदीत महसीर लागलाच तर हात ओले करून धर, लगेच सोड. कोयना अभयारण्यात मात्र गळ नेऊच नको.

कराडचा_गडी: बरं, चिलापी तर चिलापी. गळाच्या टोकामागचं उलटं कुसळ पक्कडीनं दाबूनच नेतो, म्हणजे मासा सोडायला सोपं. काळी फ्लाय नको ना मग?

मिरजकर७: लाल घे, उसात दिसती तरी 😄