अमेरिकेच्या नागरिकत्वाची मुलाखत पास होऊन २१६ दिवस, शपथेचा पत्ता नाही. कोर्टात जावं का गप बसावं?

गावभागातली लेक:
बाबांच्या वर्षश्राद्धाला तीन आठवडे सांगलीत आलेय आणि रात्री एकला उठून मोबाईलवर केसचं स्टेटस बघायची खोड इथं पण सुटेना (तिथं दुपारचे साडेतीन असतात, ऑफिस चालू असतं, म्हणून एक). आई झोपेतच विचारते, आलं का गं तुझं ते? जसं काय गॅसचा नंबर लावलाय.

तर मी ओहायोत असते, ग्रीन कार्डला सहा वर्षं होऊन गेली, अमेरिकेच्या नागरिकत्वाचा अर्ज म्हणजे तो एन-४०० ऑनलाइन भरला, ७१० डॉलर, बोटांचे ठसे झाले, ४ मार्चला मुलाखत झाली. घेणारा माणूस बरा होता. माझ्या वेळी दहा प्रश्नांतले सहा यावे लागायचे, माझे पहिले सहा सलग आले म्हणून त्यानं पुढचे विचारलेच नाहीत, एक वाक्य वाचून घेतलं, एक लिहून घेतलं, आणि शेवटी एक छापील कागद सरकवला. त्यावर चौकोन असतात. मंजुरीची शिफारस, या चौकोनात टिक असली की लोक बाहेर येऊन झेंड्याबरोबर फोटो काढतात. माझी टिक दुसऱ्या चौकोनात, अजून निर्णय देता येत नाही. का, तर म्हणे फाईल अजून बघायचीय, पत्र येईल. नवऱ्याची मुलाखत माझ्यानंतर दोन आठवड्यांनी झाली आणि एप्रिलमध्ये त्याची शपथ पण उरकली. कागदपत्रं दोघांची सारखीच. आता घरात एक नागरिक आणि एक लटकलेली.

माझं म्हणणं सरळ आहे. तिथल्या कायद्यातच कलम आहे की मुलाखतीपासून १२० दिवसांत निर्णय दिला नाही तर अर्जदाराला आपल्या भागातल्या फेडरल जिल्हा न्यायालयात जाता येतं. माझे १२० दिवस २ जुलैला भरले, आज ६ ऑक्टोबर. मग जायचं की! नवरा म्हणतो कशाला हात दाखवून अवलक्षण, नणंद म्हणते देवावर सोड. मला कंटाळा आलाय सोडायचा. घाई का, तर आई इथं एकटी आहे आणि ग्रीन कार्डवाल्याला आईवडलांचा अर्ज करता येत नाही, त्यासाठी नागरिकच व्हावं लागतं. बोला.

वालचंदी९८:
ताई, थांबा. मी मुलाखतीनंतर चौदा महिने थांबलोय, म्हणून हक्कानं सांगतो. तुम्ही कोर्टात गेलात की काय होतं बघा, आज तुमची फाईल कुठल्यातरी कपाटात निवांत पडलीय, उद्या ती सरकारी वकिलाच्या टेबलावर जाणार आणि तो माणूस ती पहिल्या पानापासून वाचणार. व्हिसा बदलताना मधे पंधरा दिवसांची गॅप, जुना टॅक्स, कुठला तरी सिग्नल तोडल्याचा दंड, सगळं. कोणाच्या फाईलीत काहीच नसतं असं नसतं हो. बरं कोर्ट काय लगेच हातात नागरिकत्व देतं का? कायद्यानं देऊ शकतं, पण बहुतेक वेळा फाईल परत त्याच ऑफिसकडं जाते, अमुक दिवसांत निकाल द्या एवढं सांगून. म्हणजे वकिलाची फी भरून तुम्ही फिरून त्याच दारात. आणि निकाल नकार आला तर? ३० दिवसांत फेरसुनावणीचा अर्ज, त्याची फी वेगळी, तिथं हरलात की मग पुन्हा कोर्ट. ग्रीन कार्ड आहे, नोकरी आहे, घर आहे, अडलंय काय नेमकं? कार्डाची मुदत संपत आली तरी एन-४०० भरल्यावर ती २४ महिने आपोआप वाढते, पावती जपून ठेवा म्हणजे झालं. मी त्या चौदा महिन्यांत एकदाही स्टेटस बघितलं नाही आणि सुखानं झोपलो.

गावभागातली लेक:
एकदाही नाही? खोटं बोलू नका.

वालचंदी९८:
बरं, रविवारी बघायचो.

कुपवाडचा गण्या:
रविवारी ऑफिस बंद असतंय लगा 😂

डेट्रॉइटचा भडंगवाला:
मी केस टाकली होती. त्यामुळं ऐकीव नाही, भोगलेलं सांगतो, आणि ते दोन्ही बाजूंना आवडणार नाही.

कोर्टाची फी ४०५ डॉलर, ती किरकोळ. वकिलाचा आकडा सांगत नाही, बायको हे वाचते. १२० दिवस मुलाखतीच्या तारखेपासून मोजायचे, अर्ज भरल्यापासून नाही, एक दिवस आधी गेलात तरी बाहेर काढतात. नोटीस पोचल्यावर सरकारला उत्तर द्यायला ६० दिवस असतात आणि सगळी गंमत त्या ६० दिवसांत आहे. कारण उत्तर लिहायचं तर सरकारी वकिलाला ऑफिसला फोन करून विचारावं लागतं की बाबा ही फाईल का अडलीय, आणि माझा अंदाज असा की सात महिन्यांत तो प्रश्न पहिल्यांदाच कुणीतरी विचारला. माझ्या केसमध्ये दोन्ही वकिलांनी मिळून कोर्टाला लिहून दिलं की फाईल परत पाठवा, ३० दिवसांत निकाल देतो. असं का करावं लागतं, तर केस गेली की निर्णयाचा अधिकार कोर्टाकडंच जातो असं तिथल्या नवव्या सर्किटनं, म्हणजे एका फेडरल अपील कोर्टानं, २००४ मध्ये म्हटलंय, त्यामुळं ऑफिस मधल्यामधे शिक्का मारायला कचरतं. २६व्या दिवशी शपथेचं पत्र आलं. न्यायाधीशाचं तोंड मी बघितलं नाही.

आता दुसरी बाजू. माझ्याच ऑफिसातला एक तेलुगू पोरगा, सेम वकील, सेम कोर्ट. फाईल परत गेली आणि त्याला दुसऱ्यांदा मुलाखतीला बोलावलं, अडीच तास. २०११ च्या एका पत्त्यावरून. तीन महिने त्याचं जेवण उडालं होतं. मिळालं शेवटी, पण विचारा त्याला परत करशील का.

म्हणून आपल्या फाईलीत काय आहे ते आधी आपण बघा. कागद मागवता येतात. फाईल स्वच्छ असेल तर खुशाल जा, वालचंदी साहेब घाबरवतायत तेवढं काही नाही. एखादा खडा असेल तर तो आधी वकिलाला दाखवा, कोर्टाला नंतर.

निवृत्त तलाठी, तासगाव:
मला अमेरिकेचं काही कळत नाही. पण मी ३१ वर्षं टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत बसलो, तेव्हा पलीकडून काय दिसतं ते सांगतो.

फाईल अडते म्हणजे दर वेळी कुणी मुद्दाम अडवते असं नाही. वारसाची नोंद घालायची, १५ दिवसांची नोटीस काढायची, हरकत आली नाही तर मंडळ अधिकाऱ्यानं सही करायची, एवढं सोपं. पण एक नाव जुळत नाही. सातबाऱ्यावर शंकर, दाखल्यावर शंकरराव. मग ती फाईल मी 'बघू' म्हणून डावीकडे ठेवायचो. उजवीकडे रोजची कामं यायची आणि डावीकडचा गठ्ठा आपला वाढत जायचा. त्यातली फाईल परत वर कधी यायची, सांगू? माणूस येऊन ओरडला म्हणून नाही. ओरडणाऱ्याची तर आम्ही आणखी खाली सारायचो, खोटं कशाला बोलू. माणूस लेखी अर्ज द्यायचा, आवक रजिस्टरला नंबर पाडून घ्यायचा, शिक्क्याची पोहोच खिशात घालायचा आणि एक शब्द न बोलता जायचा, त्याची मात्र धास्ती वाटायची. कारण तो नंबर उद्या प्रांतांच्या टेबलावर जाऊ शकतो. २०१५ ला इथं लोकसेवा हक्काचा कायदा आला, मुदती भिंतीवर लागल्या, तेव्हाही बोर्ड वाचणारे शंभर होते आणि अपील करणारा एखादा. काम त्या एखाद्याचं आधी व्हायचं.

तेव्हा ताई, कोर्ट ही शेवटची पायरी ठेवा, पण मधल्या पायऱ्या चढलात का? तुम्ही स्टेटस बघताय म्हणजे तुम्ही फक्त बोर्ड वाचताय. पोहोच आहे का तुमच्याकडं एक तरी? सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर पुराचा इशारा ४० फुटाला आणि धोका ४५ ला का लिहिलाय, तर मधल्या पाच फुटांत सामान माडीवर न्यावं म्हणून. काही लोक पाणी बघत उभं राहतात.

गावभागातली लेक:
काका, पोहोच नाही. दोनदा ऑनलाइन विचारणा केली, दोन्ही वेळा तेच ठोकळेबाज उत्तर, तुमचं प्रकरण विचाराधीन आहे. पण तुमचं डावीकडच्या गठ्ठ्याचं वाचून पोटात गोळा आला. माझ्या पासपोर्टवर मधलं नाव बाबांचं आहे आणि ग्रीन कार्डवर मधलं नावच नाही. तेच असेल का हो?

डेट्रॉइटचा भडंगवाला:
असू शकतं, नसू पण शकतं. काका म्हणतात ती मधली पायरी तिथंही आहे. तुमच्या भागाच्या काँग्रेस सदस्याच्या (म्हणजे तिथल्या खासदाराच्या, पक्ष नव्हे) ऑफिसात या कामासाठीच माणूस बसवलेला असतो, एक संमतीपत्र सही करून द्यायचं, तो तुमच्या वतीनं विचारतो, पैसे लागत नाहीत. ते न हललं तर ऑम्बुड्समनकडं, म्हणजे अडलेल्या केसेसच्या तक्रारी बघणाऱ्या सरकारी ऑफिसकडं, अर्ज. हे करून मग कोर्टात गेलात तर मागं कागदांची माळ दिसते.

कवठेमहांकाळ एक्स्प्रेस:
एवढा आटापिटा कशासाठी हो पण? भारताचा पासपोर्ट जमा करणार, मत गेलं, उद्या गावाकडं शेत घ्यायचं म्हटलं तर घेता येणार नाही. आणि तिकडं दुसऱ्या चौकोनात टिक मारून बसवलंय. आमच्या भागात टँकरची वाट बघणारी माणसं पण एवढी लाचार होत नाहीत. परत या की.

डेट्रॉइटचा भडंगवाला:
विकत घेता येत नाही, वारसानं येतं. अर्धवट सांगू नका. बाकी दोन देशांचं नागरिकत्व आपल्याकडं चालत नाही हे खरंय, पासपोर्ट जमा केला त्या दिवशी मी पण गाडीत दहा मिनिटं नुसता बसून होतो. पण लाचार वगैरे शब्द जपून वापरा, टँकर पण अर्ज केल्याशिवाय येत नाही.

मिरजेची सून:
सगळे कलम कलम करताय, मला एक विचारायचंय. आईंना विचारलंत का? माझ्या सासूबाईंना दिरांनी न्यू जर्सीला नेलं, रीतसर ग्रीन कार्ड काढून. चार महिन्यांत परत. म्हणाल्या खिडकीतून माणूस दिसत नाही, भाजीवाला ओरडत नाही, आणि सून कामाला गेली की फ्रिजचा आवाज ऐकत बसायचं. आता कार्ड टिकवायचं तर तिथं राहायला पाहिजे आणि राहायचं तर नाही, म्हणून ते पण परत केलं. तुम्ही ज्याच्यासाठी कोर्टात जाताय त्या बाईला मिरज स्टेशनाच्या पुढं तरी जायचंय का?

गावभागातली लेक:
हे लागलं. खरं सांगायचं तर सरळ असं विचारलं नव्हतं. २०१९ च्या पुरात पाणी आमच्या जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंत होतं, आई-बाबा माडीवर तीन दिवस, फोन बंद, आणि मी ओहायोत टीव्हीवरच्या बोटीत त्यांची तोंडं शोधत होते. तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलंय. तेव्हा निदान दोघं होते.

वालचंदी९८:
हे आधी सांगायचं होतं. मी अडलंय काय म्हटलं ते मागे घेतो. कोर्टाबद्दलचं नाही घेत.

गावभागातली लेक:
काल रात्रीचं सांगते आणि झोपते. आईला विचारलं. ती म्हणाली, पावसाळ्यात चार महिने येईन, गणपतीला मला इथं पाहिजे. म्हटलं आई, ग्रीन कार्ड तसं चालत नाही, आणि पावसाळ्याचे चार महिने म्हटल्यावर मधेच गणपती येतो. मग तू व्हिजिटरवर ने, तो आहे की माझा, ती म्हणाली. म्हणजे मिरजेच्या वहिनी अर्ध्या बरोबर.

पण अर्ध्याच. कारण स्वयंपाकघरातलं कालनिर्णय खाली काढलं तर ४ मार्चला तिनं लाल पेननं गोल केलाय, आणि तिथपासून रोजच्या दुधाच्या आकड्याशेजारी बारीक पेन्सिलीनं १, २, ३. जुलैच्या २ तारखेला १२०, त्याला चौकोन. हे कलम मी तिला कधीतरी फोनवर बोलता बोलता सांगितलं असणार, मला आठवत पण नाही. आज २१७.

संमतीपत्र सही करून सकाळी पाठवतेय, नावाच्या घोळाचं वेगळं पत्र जोडून. २० तारखेला परत जातेय, शपथेच्या वेळी देशाबाहेर कुठं कुठं गेला होता ते विचारतात म्हणून तिकिटं जपून ठेवलीत. नोव्हेंबरअखेर काही हललं नाही तर वकील, ते ठरलंय, नवरा काहीही म्हणो. आईला सांगितलं खासदाराच्या ऑफिसला पत्र टाकलंय. ती म्हणाली, आपल्या का तुमच्या? आपल्या असतील तर बाबांच्या ओळखीचे एकजण आहेत.