खेळाडूंवरचं संशोधन आपल्या ग्राउंडवरच्या पोट्ट्यांच्या काय कामाचं?

कापूसकोंड्या (धागाकर्ता)
परवा तालुक्याला खेळाडूंचा आहार आणि दुखापती यावर व्याख्यान झालं. पाहुणे अभ्यासू होते, खोटं कशाला बोला. ऑलिम्पिक समितीनं २०१४ मध्ये 'रेड-एस' नावाचं प्रकरण मांडलं, २०२३ मध्ये त्यात सुधारणा केली. मेहनतीच्या मानानं खाणं कमी पडलं की हाडं कमजोर होतात, पाळी बंद पडते, दुखापती वाढतात, असं सगळं पडद्यावर दाखवलं.

समोर बसले होते कोण? पोलीस भरतीचे पोट्टे-पोट्ट्या. पहाटे डांबरी रोडवर पळतात, मंग कोणी निंदणाले जाते, कोणी कॉलेजात. ज्यांचं जेवण वजनकाट्यावर मोजून येते, ज्यांच्या मागं फिजिओ फिरते, त्यांच्यावरचा अभ्यास यांच्या गळ्यात काहून मारता? आमच्या आखाड्यातले गडी ज्वारीची भाकर, झुणका अन् जवसाची चटणी खाऊन कुस्त्या मारत होते. अन् गंमत म्हणजे व्याख्यान संपलं तं दाराशी प्रोटीन पावडरच्या डब्यांचा स्टॉल! हे संशोधन आपल्यासाठी नाही, अन् आपल्याकडं आलं की त्याचं दुकान होते. बोला आता.

आठशे मीटर
दादा, स्टॉलवरचा राग रास्त आहे. बाकी पटलं नाही.

भरतीची तयारी करताना माझी पाळी बंद झाली. आमचे सर म्हणाले, "चांगलंच आहे, अंग कसलं." ग्राउंडवर बऱ्याच मुलींचं तेच, म्हणून कोणाला वावगं वाटलं नाही. मग नडगीच्या आतल्या बाजूला बोट टेकवलं तरी कळ निघायची. एकाच जागी, रुपयाएवढ्या. एक्सरे काढला तर नॉर्मल. सर म्हणाले, नाटकं करते. सततच्या ताणानं हाडाला गेलेली बारीक चीर पहिल्या काही आठवड्यांत एक्सरेवर पुष्कळदा दिसतच नाही, हे तेव्हा कोणी सांगितलं नाही. मी पळत राहिले आणि ती भरती हातची गेली.

आता 'आपल्यासाठी नाही' याबद्दल. रेड-एसचं बरंचसं शास्त्र ज्या प्रयोगावर उभं आहे, तो अॅन लाऊक्स या अमेरिकी संशोधक बाईंचा, २००३ मध्ये छापलेला. त्यातल्या २९ तरुणी खेळाडू नव्हत्याच. फारसा व्यायाम न करणाऱ्या, नियमित पाळी येणाऱ्या साध्या मुली. व्यायामाचा खर्च वजा जाता, चरबी सोडून उरलेल्या वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ३० कॅलरींपेक्षा कमी शिल्लक राहिल्या, की पाच दिवसांत पाळी चालवणाऱ्या हार्मोनची लय बिघडायला लागली. पाच दिवस!

आपल्याकडची ५० किलोची मुलगी घ्या. चरबी सोडून धरा ४० किलो. म्हणजे १२०० कॅलरी नुसत्या अंगाला हव्यात. आठ किलोमीटर पळाली तर आणखी साधारण ४००. झाल्या १६००, आणि ही किमान पातळी आहे, पोटभर नव्हे. ती खाते काय? सकाळी चहा-टोस्ट, दुपारी दोन पोळ्या आणि आलूची भाजी, रात्री वरण-भात. करा बेरीज.

बांधावरून
ताई, तुमचं सोसणं खरं आहे, पण हिशेब प्रयोगशाळेतला आहे. चरबी सोडून वजन किती, हे आपल्या ग्राउंडवर मोजणार कोण? आणि ३० चा आकडा सगळ्यांना सारखा लावता येत नाही, हे ऑलिम्पिक समितीच्या २०२३ च्या निवेदनातही मान्य केलंय. मुलांच्या बाबतीत तर ही रेघ नेमकी कुठं ओढायची, तेच पक्कं नाही.

मला दुसराच मुद्दा खुपतो. त्या मुलीला भूक लागत नाही की काय? ती पळून येते तेव्हा चूल पेटलेली नसते. आधी झाडणं, पाणी, भावाचा डबा. उरेल ते तिचं. हे आकडे मुलीला ऐकवून काय उपयोग, तिच्या मायबापाला ऐकवा. व्याख्यानाला एक तरी माय बोलावली होती का?

लोखंडी
सगळे पावडरवर घसरले म्हणून लिहितो. वजनं मारणाऱ्यांवरच्या ४९ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये आला. दिवसाला दर किलो वजनामागे साधारण १.६ ग्रॅम प्रथिनापर्यंत स्नायूंना फायदा होतो, पुढं विशेष नाही. ६० किलोच्या पोराला झाले ९६ ग्रॅम. वरण-भाकरीतून काढून दाखवा. मग डबा घेतला तर पाप काय?

कापूसकोंड्या
घ्या, काढून दाखवतो. सोयावडीचं निम्मं वजन प्रथिनच असते. १०० ग्रॅम कोरड्या वड्या शिजवल्या की पन्नासेक ग्रॅम तिथंच आले. वर फुटाणे, शेंगदाणे, दोन अंडी, वाटीभर घट्ट वरण. आपला अर्धा विदर्भ सोयाबीन पेरते अन् ट्रॅक्टर भरून मार्केटले नेऊन घालते, घरात मात्र वडी पाहुणा आला तरच. (कच्चं सोयाबीन कोणी खाऊ नका, पचनाची वाट लागते.)

अन् डब्यात काय असते ते पण ऐका. जर्मनीतल्या कोलोन इथल्या प्रयोगशाळेनं १३ देशांतून आणलेले ६३४ पूरक आहाराचे नमुने तपासले, निकाल २००४ मध्ये छापला. ९४ डब्यांत लेबलवर न लिहिलेले, हार्मोनच्या जातीचे पदार्थ निघाले. म्हणजे शंभरात जवळपास १५.

आठशे मीटर
संशोधन आपल्या कामाचं नाही म्हणणाऱ्या दादांनी संशोधनच काढलं हो!

कापूसकोंड्या
ते दुकानाच्या विरोधातलं होतं, ताई. चालते.

वैनगंगेपलीकडचा
इतका वेळ हाडं अन् प्रथिनं झाली, आमच्या भागातली मुख्य गोष्ट कोणी काढलीच नाही. सिकल, म्हणजे मायबापाकडून येणारा रक्ताचा आजार. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियात त्याचे वाहक पुष्कळ सापडतात. वाहक म्हणजे आजारी नव्हे, मायबापापैकी एकाकडूनच तो दोष आलेला. एरवी त्याले सहसा काही होत नाही. पण उन्हात, पाणी न पिता, जीव खाऊन एकामागून एक धाव मारली की क्वचित रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन अडकतात अन् स्नायू विरघळाले लागतात. अमेरिकेत २००६ मध्ये कॉलेजचा एक फुटबॉलपटू सरावानंतर असाच गेला. त्यानंतर २०१० पासून त्यांनी वरच्या दर्जाच्या कॉलेज खेळाडूंची सिकलची तपासणी सुरू केली.

ओळखावं कसं? पोटरीत गोळा आलेला पोट्टा ओरडते, पाय आखडून धरते, स्नायू हाताले दगडासारखा लागते. सिकलच्या त्रासात गडी मुकाट्यानं खाली बसते. पाय साथ सोडतात, पण हात लावला तं स्नायू नरमच. अन् आपले सर लोक नेमकं त्यालेच म्हणतात, "उठ बे, आळशी." तिथं उठवायचं नाही. सावली, पाणी, अन् थेट दवाखाना. मोठ्या खेळाडूंवरचं हे संशोधन अमेरिकेपेक्षा आमच्या ग्राउंडवर जास्त लागू पडते, कापूसकोंड्या भाऊ.

लोखंडी
म्हणजे वाहक पोरांनी भरती सोडायची?

वैनगंगेपलीकडचा
कोण म्हणते? अमेरिकी सैन्यातल्या जवळपास ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास २०१६ मध्ये आला. वाहक असल्यानं मृत्यूचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. स्नायू विरघळण्याचा धोका मात्र ५४ टक्क्यांनी जास्त. अन् तंबाखू घेणाऱ्यांचा धोका किती वाढला? तेवढाच! खर्रा तोंडात धरून ग्राउंडवर येणाऱ्यांनी ही ओळ दोनदा वाचा.

कापूसकोंड्या
हे मले माहीत नव्हतं, पण तपासणीचं माझ्याकडून होणार नाही. सिकलचा कागद ग्राउंडवर मागितला तं संध्याकाळपर्यंत गावभर होते. मुलगी असली तं तिचं लग्न अडते. आम्ही पाहिलं आहे. तुमच्या अमेरिकेत हा प्रश्न नसेल.

आठशे मीटर
दादांच्या बाजूनं पहिल्यांदाच लिहिते. कागद सरांच्या हातात पडायलाच नको. ज्याला तपासायचं त्यानं प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासावं, रिपोर्ट स्वतःपाशी ठेवावा. पाळीचंही तसंच. कोणत्या मुलीची पाळी चुकली, हे सरांनी वहीत लिहायचं काम नाही.

वैनगंगेपलीकडचा
त्या सैनिकी अभ्यासाची दुसरी बाजू तीच आहे. काळजीचे नियम सगळ्याच सैनिकांले सारखे होते, वाहक असो-नसो. मंग आपणही तेच करू. पहिले दोन आठवडे कोणालेच जीव खाऊन पळवायचं नाही. दोन धावांच्या मधात पुरतं थांबायचं. मार्च ते जून नऊच्या आत ग्राउंड खाली. जो बसला त्याले उठवायचं नाही. याले ना कागद लागते, ना डबा.

बांधावरून
आणि पळून झाल्यावर तिथंच फुटाणे-गूळ, घरी जायच्या आधी. पैसे कोण देणार, ते ठरवा.

कापूसकोंड्या
फुटाणे माझ्याकडून. गुळाचं लोखंडी पाहीन, डब्याचे पैसे वाचले ना त्याचे.