वय नव्हे, उंची बघा
'पाच वर्षांखालच्या मुलांना डिस्नेलँड पॅरिसला नेणं म्हणजे पैसे पाण्यात' असं एक मत वाचलं, ते अर्धंच पटलं. तिथे वयापेक्षा उंचीला महत्त्व. बिग थंडर माउंटन या रोलरकोस्टरला किमान १०२ सेंमी उंची लागते, हायपरस्पेस माउंटनला १२०. आम्ही निघण्याआधी घरीच दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने रेघा मारल्या. धाकटी दोन बोटं कमी भरली, तिने काय रडायचं ते घरातच रडून घेतलं!

आणि अशा मोठ्या राइडवर 'बेबी स्विच' जरूर मागा. एक पालक बसून येईपर्यंत दुसऱ्याने धाकट्याला सांभाळायचं, मग अदलाबदल. पुन्हा अख्खी रांग लावावी लागत नाही. आमची आजी मात्र 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड'च्या होडीतून उतरायलाच तयार नव्हती. तिथे उंचीची अट नाही.