कुंपण पाडा म्हणणाऱ्यांनो, किल्ली कोणाच्या खिशात?

खडूबाई
परवा या मंचावर काटकोन यांनी शहरातल्या दाट वस्तीसाठी नव्या शाळेचा आराखडा टाकला. कुंपण नाही, पटांगणातून वस्तीची पायवाट, वाचनालय नि सभागृह सगळ्यांना खुलं, आणि वर ‘शाळा हा वस्तीचा दिवाणखाना व्हावा’ हे वाक्य. खाली वाहवांचा पाऊस. तिथेच उत्तर द्यायला बसले, ते लांबलं, म्हणून हा वेगळा धागा.

मी सव्वीस वर्षं शिकवलं, त्यातली अकरा मुख्याध्यापिका म्हणून. आमचं पटांगणही एकदा ‘खुलं’ झालं होतं, संध्याकाळी सहा ते आठ. चित्रात झाडाखाली आजोबा होते, चेंडूमागे धावणारी पोरं होती. प्रत्यक्षात सोमवारी सकाळी पावणेसातला मी आणि शिपाईमामा लांब उडीच्या खड्ड्यात उकिडवे बसून काचा वेचत होतो. मामांनी घरून चाळणी आणली होती. अख्खा खड्डा त्यांनी चाळून काढला, तरी तिसरीतल्या एका मुलीच्या टाचेत तुकडा घुसलाच. तिची आई आली, आवाज न चढवता म्हणाली, “बाई, फाटक उघडं ठेवायचं कोणी ठरवलं?” ठरवणाऱ्यांपैकी त्या वेळी कोणीही तिथे नव्हतं.

आराखड्यात तुम्ही झाडं हिरवी दाखवता, बाकं तपकिरी दाखवता. किल्ली कोणाच्या खिशात आहे हे कुठल्या रंगात दाखवता?

काटकोन
बाई, मी ‘कुंपण नाही’ म्हटलं होतं, ‘दार नाही’ नव्हे. नकाशा न उघडताच उत्तर लिहिलंत असं दिसतंय.

त्यात इमारतच हद्द आहे. वाचनालय, सभागृह, कार्यशाळा रस्त्याच्या बाजूला, त्यांना रस्त्यावरून स्वतंत्र दार. वर्ग मागे, आतल्या चौकाभोवती, दुसऱ्या दाराच्या पलीकडे. संध्याकाळी पहिलं दार उघडं, दुसरं बंद. वस्ती वाचनालयात येते, वर्गात नाही.

आणि शाळा वस्तीच्या मधोमध हवी हे काही माझं खूळ नाही. अमेरिकन नियोजनकार क्लॅरेन्स पेरी यांनी १९२९ मध्ये वस्तीचा जो नमुना मांडला त्यात शाळा केंद्रात होती, मुलांना साधारण पाव मैलात चालत गाठता येईल अशी, आणि वाहता रस्ता वस्तीच्या कडेला. आपण काय केलं? शाळा उचलून त्या वाहत्या रस्त्यावर नेली आणि भोवती भिंत घातली. शाळेच्या लांबलचक आंधळ्या भिंतीशेजारून अंधारात चालून बघा. खिडकी नाही, दार नाही, हाक मारली तर ऐकणारं कोणी नाही. शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्स १९६१ पासून सांगत होत्या, रस्ता सुरक्षित राहतो तो बघणाऱ्या डोळ्यांमुळे.

पहारेकरी
डोळे! २००१ मध्ये ओसाकातल्या इकेदा इथल्या प्राथमिक शाळेत एक माणूस उघड्या फाटकातून आत गेला आणि चाकूने ८ मुलं मारली. त्या वेळी डोळे कुठे होते? त्याच जपानने १९९५ मध्ये चिबा शहरात उतासे इथे बिनकुंपणाची शाळा बांधून कौतुक करून घेतलं होतं. इकेदानंतर देशभर फाटकं बंद झाली. ज्यांची मुलं शाळेत जातात त्यांना तुमचे डोळे नकोत, कुलूप हवंय.

काटकोन
मग अमेरिकेतल्या सँडी हूक शाळेचंही सांगा की. २०१२ मध्ये तिथे दार कुलूपबंदच होतं. हल्लेखोराने शेजारची काच गोळ्यांनी फोडली आणि आत शिरला. २० मुलं आणि ६ मोठी माणसं गेली. २०१६ मध्ये तिथे नवी शाळा उभी राहिली, तिच्यापुढे तुरुंगाची भिंत नाही. पावसाचं पाणी जिरवणारी खोलगट बाग आहे आणि तिच्यावरून छोट्या पुलांनी दारापर्यंत जायचं. येणारा लांबून दिसतो आणि कुठूनही घुसू शकत नाही.

पहारेकरी
म्हणजे खंदक आणि वर पूल. किल्लाच की हो! एवढं वळसा घालून माझ्याच मुद्द्यावर आलात, धन्यवाद.

काटकोन
खंदक म्हणा हवं तर. तुमच्या भिंतीपलीकडचं दिसत नाही, या खंदकापलीकडचं दिसतं. एवढाच फरक, आणि तोच माझा मुद्दा.

भिंतीपलीकडचा
मी शाळेला लागून राहतो. ‘वस्तीशी नातं’ वगैरे वाचून करमणूक झाली. वस्तीला कोणी विचारलंय? आमच्या शेजारच्या शाळेत आपोआप वाजणारी घंटा बसवली आहे. ती रविवारीही वाजते! सुट्टीतही वाजते! शाळेत चिटपाखरू नसतं आणि मला मात्र रोज बरोबर दहा वाजून चाळीस मिनिटांनी तिसरा तास सुरू झाल्याचं कळतं. चार वेळा अर्ज दिला. उत्तर आलं, यंत्र बसवणारा माणूस येत नाही. अशांच्या हातात दिवाणखाना देणार?

काटकोन
घंटेचं खरंच वाईट वाटलं. पण आवाज दोन्हीकडून असतो. वर्गात शिकवताना मागचा आवाज ३५ डेसिबलच्या आत असावा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. रस्त्याकडे खिडकी असलेल्या वर्गात ते स्वप्नच. म्हणून तर वाचनालय आणि सभागृह मध्ये घातलं, रस्त्याचा गोंगाट तेच अडवतील.

भिंतीपलीकडचा
आणि घंटा?

मधलीसुट्टी
दोन दिवस वाचतोय. भिंत झाली, खंदक झाला, घंटा झाली. संडासाचं कोणीच बोलत नाही.

पटांगण खुलं केलंत की अर्ध्या तासात कोणाला तरी जायचं असतं. लहान मूल, म्हातारी बाई, कोणीही. मग शाळेचे संडास उघडावे लागतात, आणि ते असतात सगळ्यात आत, काटकोन यांच्या त्या ‘दुसऱ्या दारा’पलीकडे. झालं, दुसरं दारही उघडं.

माझी आई शाळेत सफाईला होती. शनिवारी दुपारी दीडला घरी यायची. शाळा संध्याकाळची खुली झाली तशी साडेआठला यायला लागली. पगार तोच. मी पाचवीत होतो, खिडकीत बसून बघायचो. तिच्या हातांना फिनेलचा वास आधीही यायचा, पण आता ती जेवायला न बसताच झोपायची. दिवाणखाना कोणाचा होता माहीत नाही, झाडू तिचा होता.

बिनधास्त
मूळ कारण कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. लोकांना लायकी नसते. फुकट दिलं की घाण करतातच.

मधलीसुट्टी
‘लोकांना’ म्हणजे कोणाला, नीट सांगा. माझी आई त्याच वस्तीत राहायची. मीही.

बिनधास्त
विषय वैयक्तिक करू नका.

मधलीसुट्टी
लायकी काढलीत तुम्ही आणि वैयक्तिक मी करतोय? असो. तुमच्याशी बोलायला आलोच नव्हतो. खडूबाई, तुम्हाला विचारायचं होतं. मामांनी अख्खा खड्डा चाळला, तेही घरची चाळणी आणून. त्या कामाचे त्यांना वेगळे पैसे मिळाले का?

पुस्तककिडा
मध्येच घुसतोय. हा प्रश्न जुना आहे. इंग्लंडमध्ये शिक्षणाधिकारी हेन्री मॉरिस यांनी केंब्रिजशरमध्ये शाळा आणि गावाचं केंद्र एकाच आवारात आणलं, पहिलं सॉस्टन इथे १९३० मध्ये. दिवसा मुलं, संध्याकाळी मोठ्यांचे वर्ग, सभा, वाचनालय. तिथल्या प्रमुखाला वॉर्डन म्हणत आणि दिवस नि संध्याकाळ दोन्ही त्याच्याच कामात धरलेलं असे. जादाचं ओझं म्हणून नव्हे. अलीकडे पॅरिसनेही २०१८ पासून शाळांची डांबरी पटांगणं उखडून झाडं लावायला घेतली आणि त्यातली काही शनिवारी वस्तीला उघडली. जमतं, पण आधीपासून ठरवलं तर.

पहारेकरी
सॉस्टन खेडं होतं. तिथे सगळे सगळ्यांना ओळखत. विषय शहराचा आहे, धाग्याची पहिली ओळ वाचा.

खडूबाई
मधलीसुट्टी, उत्तर द्यायला एक दिवस लावला, मुद्दाम.

नाही मिळाले. मी मागितलेही नाहीत. पटांगण खुलं करण्याच्या कागदावर सही माझीच होती, आणि त्या कागदावर वेळ होती, अटी होत्या, दंड होता, मामांचं नाव नव्हतं. इथे मोठ्या तोऱ्यात ‘ठरवणाऱ्यांपैकी कोणीही नव्हतं’ लिहिलं. मी होते. चाळणीसमोर बसले होते.

तरीही काटकोन बरोबर ठरत नाहीत हं! त्यांच्या नकाशात मामा आजही नाहीत.

काटकोन
मान्य. आनंदाने नाही, पण मान्य. काल रात्री नकाशा पुन्हा उघडला. संडास सभागृहाशेजारी रस्त्याच्या बाजूला आणले, दोन्ही अंगांनी दारं, शाळेच्या वेळेत बाहेरचं बंद, नंतर आतलं बंद. शेजारी एक खोली काढली: खिडकी, मोरी, पाठ टेकायला बाक. त्यासाठी सभागृहातल्या दोन रांगा गेल्या. पटांगण संध्याकाळी सांभाळणाऱ्यासाठी वेगळं पद असावं असं टिपणात लिहिलंय. मंजूर करणारे ती ओळ सगळ्यात आधी खोडतील, हे मला तुमच्याइतकंच ठाऊक आहे.

मधलीसुट्टी
खोडली तर पटांगणही उघडायचं नाही, असं त्याच ओळीत लिहा. दोन वेगळ्या ओळी केल्या की एकच खोडतात.

काटकोन
लिहितो.

पहारेकरी
आणि फाटक?

काटकोन
फाटक आहे. कमरेएवढं. तुमच्यासाठी.

खडूबाई
त्या खोलीत एक कपाटही दाखवा. चाळणी ठेवायला.

भिंतीपलीकडचा
आज रविवार. दहा चाळीस झाले. वाजली.